दुसऱ्या अर्थावरची शंका

“रविवारी चाललेत ना आपले तपासनीस, कायमचे,” टंकलेखिका म्हणाली आणि हाताला क्रीम चोळत बसली. “लेकीच्या गावी. तुम्हाला ठाऊक असेलच म्हणा.”

“हो तर,” शंकाबाई म्हणाली. ठाऊक कुठलं असायला! पण सव्वीस वर्षं ज्यांच्या शेजारी बसलो त्यांची बातमी अशी तिसरीकडून कळावी, आणि तीही शुक्रवारी सकाळी, हे कबूल करायचं म्हणजे स्वतःचं हसं करून घेणं. म्हणून ती हो तर म्हणाली, आणि चहा चांगला कोमट झालेला असताना तिला ठसका लागला. टंकलेखिकेनं पाठीवर हात फिरवला, पाणी दिलं, वर “कुणीतरी आठवण काढतंय” असंही म्हणाली. ती हसली. ठसका बराच वेळ जाईना.

कचेरीत तिला शंकाबाई म्हणत. तोंडावर नुसतं बाई, पाठीमागे शंकाबाई, आणि अलीकडे वयाचा मान म्हणून तोंडावरही शंकाबाई. फ्रेंच शब्दांचा आपल्या भाषेत कोश करायचं काम, तिसऱ्या मजल्यावरच्या चार खोल्यांत, तिच्या आधीपासून चाललेलं. एक शब्द, एक कार्ड. ती अर्थ लिहायची, तपासनीस तपासायचे. दोघांची सही झाली की कार्ड बंद, मग ते छापखान्याचं. सही करायची नसेल तर कार्डाला पिवळी चिठ्ठी टाचायची, तिच्यावर शंका लिहायची, आणि कार्ड शंकापेटीत टाकायचं. ही पेटी म्हणजे बुटांचा असतो तसला पण लाकडी खोका. दर गुरुवारी तीन वाजता लेखक आणि तपासनीस यांनी ती मध्ये घेऊन बसायचं आणि शंका फेडायच्या. नियम एवढाच, की ज्यानं शंका घेतली त्यानंच ती मागे घ्यायची. दुसऱ्यानं कितीही पुरावे आणले तरी त्याला ती फाडता येत नाही. हा नियम कुणी केला ते कुणालाच माहीत नव्हतं. पण कचेरीतला प्रत्येक जण तो जिवापाड पाळायचा. आणि चिठ्ठ्या टाचण्यात हिचा हात कुणी धरावा! “बाईंना त्यांच्या स्वतःच्या नावाचं कार्ड दिलं तरी त्या शंका घेतील,” असं जुने संपादक म्हणायचे, आणि ते फारसं खोटं नव्हतं.

आता नवे संपादक आले होते, तरुण, घाईचे. कोशाचा शेवटचा खंड महिनाअखेर बाहेर पडायचा होता. “शंकापेटी आज रिकामी झाली पाहिजे,” त्यांनी सकाळीच बजावलं होतं. “तपासनीस निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तर तुम्ही एकट्याच सह्या करून टाका. कोण बघतंय?” कोण बघतंय म्हणे! तिला राग आला होता, पण तो ठसक्याच्या आधीचा. आता पेटी तिच्या टेबलावर होती आणि राग कुठल्या कुठे गेला होता. पेटीत सतरा कार्डं उरली होती. सोळांचं काही नव्हतं. भाजी निवडावी तशी ती तासाभरात निवडून टाकता आली असती. सतरावं कार्ड वेगळं. ते कधीच तळाशी जायचं नाही. दर गुरुवारी सगळ्यात आधी तेच निघायचं आणि सगळ्यात आधी तेच परत आत जायचं. ते कार्ड होतं कोपॅं या शब्दाचं. पुल्लिंगी, म्हणजे मित्र, सवंगडी. त्याचं स्त्रीलिंगी कोपीन.

तो सगळा गठ्ठा आला त्या महिन्यात कचेरीत हसून हसून पुरेवाट झाली होती. मैत्रीचे शब्द. कोपीन ऐकल्याबरोबर टंकलेखिकेनं कौपीन, लंगोटी, म्हणून तोंडात रुमाल कोंबला होता. मग आमी आला. आमी म्हणजे मित्र आणि आमी म्हणजेच मैत्रीण. लिहिताना बाईला शेवटी एक जादा अक्षर, पण कानाला दोन्ही सारखेच. वर आणखी गंमत अशी, की मैत्रिणीला ‘माझी’ म्हणायचं तर तिथे पुरुषांचा ‘माझा’ वापरायचा, कारण ‘माझी’चा स्वर आमीच्या स्वरावर आपटतो. “तोंडाला सोयीचं पडावं म्हणून बाईचा पुरुष केला,” तपासनीस म्हणाले होते. “आपण किती सोसतो नाही? सगळा संसार लिंगवचन सांभाळत करतो.” तपासनीस असं बोलताना हसायचे नाहीत. चष्मा कपाळावर चढवायचे आणि कार्डाकडे बघायचे, त्यामुळे तिला दुप्पट हसू यायचं. आमीच्या आधी ‘लहान’ लावलं की त्याचा प्रियकर होतो आणि तिची प्रेयसी. लहान मित्र, लहान मैत्रीण. “मैत्रीला लहान म्हटलं की ती मोठी होते,” ते म्हणाले, “हे मात्र त्या लोकांना बरोबर कळलंय.” तिनं विचारलं होतं, संस्कृतात मित्र नपुंसकलिंगी का हो असतो? तर ते म्हणाले होते, “शहाणे होते. ऐन वेळी पळता यावं म्हणून.”

किती हसायचो आपण, तिला वाटलं. तेव्हा तिची चाळिशीही उलटली नव्हती. तपासनीस तिच्याहून सातएक वर्षांनी मोठे. बायको जाऊन चार वर्षं झालेली, घरी नऊ वर्षांची मुलगी. मुलीची वेणी स्वतः घालून यायचे, म्हणून सकाळी उशीर. ती मात्र घरातून निघायची ती घड्याळाच्या आधीच. घरी अंथरुणाला खिळलेले वडील आणि परीक्षांमागून परीक्षा देणारी धाकटी बहीण. वडिलांचं सगळं उरकून बाहेर पडल्यावर तिला मोकळा श्वास हवा असायचा. कचेरीत आल्याबरोबर ती त्यांच्या टेबलामागची खिडकी उघडायची. खिडकीची कडी गंजलेली होती, दोन्ही हातांनी ओढावी लागायची, हाताला लोखंडाचा वास राहायचा. मग ती खुर्चीवर बसून जिना ऐकायची. तिसऱ्या मजल्यापर्यंत येताना ते दुसऱ्यावर एकदा थांबायचे. तेवढ्या वेळात ती केस नीट करायची आणि काहीच न केल्यासारखं तोंड करून कार्डात डोकं घालायची. यातलं त्यांना काही कळत नसेल असं तिला वाटायचं. माणूस स्वतःला किती हुशार समजतो!

कोपॅंच्या कार्डावर तिनं अर्थ लिहिला होता एकच, मित्र. तिच्या हातून एरवी असं अर्धवट काम व्हायचं नाही. कार्ड तपासनिसांकडून परत आलं तेव्हा त्यांनी त्यात भर घातली होती. अर्थ दुसरा: ‘माझा’, ‘तिचा’ असं काही आधी लागलं की प्रियकर, प्रेयसी. यात वाद घालण्यासारखं काहीच नव्हतं. त्या देशातल्या शाळेतलं पोरही सांगेल, की ‘एक कोपॅं’ म्हणजे कुणीतरी मित्र आणि ‘माझा कोपॅं’ म्हणजे तो. कोशाच्या रीतीप्रमाणे प्रत्येक अर्थाला एक वाक्य द्यावं लागे, आणि ते कुठून उचललेलं चालत नसे, आपलं आपण करायचं. तपासनीस वाक्यं करायचे ती नेहमी घोडे, छत्र्या, काका आणि गाड्या यांची. त्या दिवशी दुसऱ्या अर्थाखाली त्यांनी त्यांच्या त्या बारीक, डावीकडे झुकलेल्या अक्षरात लिहिलं होतं: ‘माझी कोपीन रोज माझ्याआधी येते आणि माझ्यासाठी खिडकी उघडते.’

ते वाक्य वाचलं तेव्हा काय झालं हे तिला आज एकोणीस वर्षांनी जसंच्या तसं आठवत होतं. कान तापले. ते शेजारीच बसले होते, दुसरंच कार्ड वाचत होते, निदान कार्ड त्यांच्या हातात तरी होतं. चष्मा कपाळावर होता, म्हणजे वाचता येणं शक्यच नव्हतं. ती आनंदली होती. अगदी खरं सांगायचं तर इतकी आनंदली होती, की उठून जिन्यात जाऊन यावं लागलं. जिन्यात कुणी नव्हतं. तिथे ती भिंतीला टेकून हसली आणि तिथेच तिला वडील आठवले. सकाळी अंग पुसताना ते तिचं मनगट घट्ट धरायचे, सोडायचेच नाहीत. धाकटीची फी, धाकटीचं लग्न. आणि पलीकडे एक नऊ वर्षांची मुलगी, जिची वेणी बापानं घातलेली. आत्ता कसं जमणार? आत्ता नाही. पण नाही असंही नाही. थांबा, एवढंच तिला म्हणायचं होतं. बाबांचं जरा मार्गी लागू दे, धाकटीचं होऊ दे, तोवर थांबा. तोंडानं म्हणायची काय बिशाद होती! आणि कार्डावर तर थांबाला जागाच नव्हती. कार्डावर दोनच गोष्टी करता येत होत्या, सही करा नाहीतर शंका घ्या. सही केली असती तर कार्ड बंद झालं असतं, ते वाक्य छापखान्यात गेलं असतं, टंकलेखिकेनं ते टाइप केलं असतं, आणि मग दोघांच्या मध्ये काही उरलंच नसतं. शंका घेतली तर कार्ड पेटीत राहणार होतं. दर गुरुवारी निघणार होतं. जिवंत राहणार होतं. तिला ती युक्ती भारी वाटली. तिनं पिवळी चिठ्ठी घेतली आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं: ‘दुसरा अर्थ मान्य नाही. मित्र एवढाच पुरेसा आहे. उदाहरण काढावे.’ टाचणी लावली. पेटीत टाकलं. मनातल्या मनात वर म्हणालीसुद्धा, आता बघू काय करताहेत.

त्यांनी काहीच केलं नाही. स्वल्पविरामासाठी भांडणारा माणूस, एका छत्रीच्या काडीसाठी तीन गुरुवार ग्रंथालयातून पुस्तकं उपसून आणणारा माणूस, या धडधडीत चुकीच्या शंकेवर एक शब्द बोलला नाही. गुरुवारी कार्ड काढलं, चिठ्ठी वाचली, चष्मा डोळ्यांवर घेतला, पुन्हा वाचली. म्हणाले, “बरं.” ती वाट बघत होती, आता पुरावे काढतील, आता म्हणतील अहो बाई, असं कसं. ते म्हणाले, “राहू दे मग.” आणि कार्ड आत ठेवलं. पुढच्या गुरुवारी ती म्हणाली, “हे राहू दे, पुढच्या वेळी बघू.” ते म्हणाले, “जशी तुमची इच्छा.” पुढे हे रोजचंच झालं. कार्ड निघायचं, ती राहू दे म्हणायची, ते मान हलवायचे. तिला त्यात एक गोड खोडी वाटायची, दोघांनीच जपलेली. आपण थांबा म्हणतोय आणि ते थांबताहेत, असं तिला वाटायचं. वडील आणखी अकरा वर्षं राहिले. धाकटीचं लग्न झालं, मोडलं, ती परत आली. तोवर तपासनिसांच्या कपाळावरचे केस मागे हटले, मुलगी कॉलेजात गेली, नोकरीला लागली, लग्न करून दूर गेली. दर वर्षी ती ठरवायची, या गुरुवारी शंका मागे घ्यायची. आणि दर गुरुवारी तिला भीती वाटायची, की आता जर ते म्हणाले, बाई, कसलं कार्ड? निवृत्तीच्या दिवशी त्यांना शाल आणि घड्याळ दिलं. भाषणं झाली. निघताना ते तिच्या टेबलापाशी आले, पेटीवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, “बाई, तुमचं म्हणणं मी शेवटपर्यंत पाळलं हो.” तिला ते ऐकून भरून आलं होतं. तिला वाटलं, थांबलो असं म्हणताहेत. मूर्ख बाई. तीन वर्षं ती तेच वाक्य उराशी धरून बसली होती, आणि हे आज, या क्षणी, टंकलेखिकेच्या क्रीमचा वास येत असताना, पिवळ्या चिठ्ठीवरचं स्वतःचं अक्षर एखाद्या परक्यासारखं वाचताना तिच्या ध्यानात आलं: मान्य नाही. मित्र एवढाच पुरेसा आहे. ही काय थांबा म्हणायची रीत झाली? त्या वाक्यापासून पुढे त्यांनी कधी ‘माझा’, ‘मी’ असलेलं उदाहरण केलं नव्हतं. परत घोडे, छत्र्या, काका. सोळा वर्षं. आणि तिनं, शंकाबाईनं, त्याबद्दल एकदाही शंका घेतली नव्हती.

मग, तिच्या स्वभावाप्रमाणे, संताप आला. त्यांचाही आला. म्हणजे मला विचारता आलं नाही? एका चिठ्ठीवर विश्वास ठेवला? पण तपासनीसच ते, कागदावर विश्वास ठेवणार नाहीत तर कशावर? तिनं सोळा कार्डं निवडली, तशीच संपादकांच्या टेबलावर आपटली, सतरावं पर्समध्ये घातलं. “अहो, ते एक?” संपादक म्हणाले. “त्याला दुसरी सही लागते,” ती म्हणाली. “कोण बघतंय?” “मी बघतेय,” ती म्हणाली आणि जिना उतरली. दुसऱ्या मजल्यावर क्षणभर थांबली. तिलाही आता दम लागत होता.

त्यांचं घर तिला बाहेरून माहीत होतं. आत ती कधी गेली नव्हती; मुलीच्या लग्नाच्या वेळी धाकटीचं दुखणं निघालं होतं. दार मुलीनंच उघडलं, हातात चिकटपट्टी, केस वर बांधलेले. तिनं एकदा बघितलं आणि म्हणाली, “शंकाबाई! या ना. बाबा, बघा कोण आलंय.” आत खोक्यांची रांग लागली होती. भिंतींवर तसबिरींच्या जागी फिक्या चौकटी होत्या. पलंग नव्हता, कुणाला तरी देऊन झाला होता. नुसती गादी गुंडाळून ठेवलेली. तपासनीस खिडकीपाशी एकुलत्या एका खुर्चीत बसले होते. बारीक झाले होते. उठायला लागले तसं ती म्हणाली, “बसा हो, बसा,” आणि एका खोक्यावर टेकली.

“मला कळवलं नाहीत,” ती म्हणाली.

“कळवणार होतो. तिथून पत्र टाकणार होतो.” ते म्हणाले. “इथून सांगायचं म्हणजे निरोप घ्यावा लागला असता. ते मला जमलं नसतं.”

मुलगी चहा ठेवते म्हणून आत गेली. शंकाबाईनं पर्स उघडली, कार्ड काढलं, त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. बघताबघता त्यांचं तोंड असं झालं की तिला तिथून पळून जावंसं वाटलं. पण ती बसून राहिली.

“मी शंका मागे घेतेय,” ती म्हणाली.

“आता छापायचंय म्हणून?”

“नाही.” तिचा आवाज फुटला. “ती कधी खरी नव्हतीच. तुमचा अर्थ बरोबर होता, हे मला तेव्हाच माहीत होतं. ते वाक्यही कळलं होतं मला. मला एवढंच म्हणायचं होतं, की थांबा. बाबा होते, धाकटी होती. कार्ड बंद झालं असतं तर गुरुवारी आपल्यात काय राहिलं असतं? म्हणून मी चिठ्ठी लावली. मला वाटलं, तुम्हाला कळलंय. मला वाटलं, तुम्ही थांबलाय.”

त्यांनी कार्ड मांडीवर उलटं ठेवलं. बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, ती बराच वेळ पिं पिं करत राहिली.

“मी ते एक महिना मनात घोळवून लिहिलं होतं,” ते म्हणाले. “बोलायची हिंमत नव्हती. म्हटलं, बाई कागदावर खोटं बोलत नाहीत. जे असेल ते लिहितील. तुम्ही लिहिलंत. पोरीनं त्या रात्री विचारलं, बाबा, पोट दुखतंय का? हो म्हटलं.” ते हसायला गेले. “सोळा वर्षं दर गुरुवारी तुम्ही मला तेच उत्तर पुन्हा वाचायला लावत होता. मला वाटायचं, एवढी का निष्ठुर ही बाई? एकदा नाही म्हटलं, समजलो ना मी! तरी मी यायचो. दुसरीकडे बदली मिळत होती. घेतली नाही.”

“अहो, मग विचारायचं होतं!”

“विचारलंच होतं की.”

रडू आलं ते तिनं आवरलं नाही. पदर, रुमाल काही सापडेना, तशीच हाताच्या पाठीनं डोळे पुसत राहिली. सत्तावन्न वर्षांची बाई खोक्यावर बसून रडते आहे, समोर चौसष्ट वर्षांचा माणूस तिच्याकडे नुसता बघतो आहे, आणि चांगली एकोणीस वर्षं, हसरी, तरतरीत, दोघांच्या हातातली, नुसती टाचून ठेवलेली. ती कुणाकडे मागायची? तिला घरी जावंसं वाटलं. निदान सांगून झालं, आता उठावं, दोन शब्द सुखाचे बोलून निघावं, असं तिच्या मनात आलं. ती उठलीही. आणि उभी राहिल्यावर, आयुष्यात पहिल्यांदाच मागचापुढचा विचार न करता, म्हणाली, “जाऊ नका.”

“घर दिलंय बाई. उद्या किल्ल्या द्यायच्यात.”

“माझ्याकडे बाबांची खोली आहे.”

“धाकटी काय म्हणेल?”

“म्हणू दे काय म्हणायचं ते. तिचं मी पुष्कळ ऐकलंय.”

“लोक विचारतील, मी तुमचा कोण.”

“विचारू दे. मी सांगेन.”

मुलगी चहाचे पेले घेऊन दारात उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. चहावर साय धरली होती. तिनं पेले खाली ठेवले, गुंडाळलेल्या गादीवर बसली आणि बापाकडे बघत राहिली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज कोरडा होता.

“सहा महिने मी तुमची खोली तयार करतेय बाबा,” ती म्हणाली. “जिन्याला कठडा लावून घेतला. पोराला सांगून ठेवलंय, आजोबा येणार. रोज विचारतो.”

“माहीत आहे गं.”

“म्हातारपणी तुम्हाला बघायचं कुणी? यांनी?”

“एकमेकांना बघू,” तपासनीस म्हणाले. ते इतक्या हळू म्हणाले की दोघींनाही वाटलं, आपल्याला उद्देशून नव्हे. मग त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. “मी येईन तिकडे. राहीन चार दिवस. पण पोरी, हे मला एकदा बघू दे.”

मुलगी नाक पुसत उठली, खोक्यांकडे गेली, तिथे उगीच दोनतीन खोकी इकडची तिकडे केली. पाठमोरी असतानाच विचारलं, “तुमच्या औषधांची पिशवी या खोक्यात भरलीय. पट्टी लावू का?”

“नको,” ते म्हणाले. “ती बाहेर काढून बाईंजवळ दे.”

मुलीनं पिशवी काढली. एकेक गोळी कधी आणि कशाबरोबर द्यायची ते सांगायला लागली. शंकाबाई पर्समधून पेन काढून लिहून घेऊ लागली, आणि तिसऱ्या गोळीशी मुलगी थांबली. “सकाळची मात्र विसरतात हं,” ती म्हणाली आणि मोठ्यानं रडायला लागली.